सेकंदांचा रकाना

मी सर्फर नाही, हे आधीच सांगून टाकते. वय त्रेचाळीस, नोकरी कुडाळला एका सरकारी कचेरीत, काम आवक-जावक आणि नस्त्या. नोव्हेंबर २०२४ ते मे २०२५ या हंगामात मी मालवणच्या पुढे एका पुळणीवर लाटेवरच्या फळीवर उभं राहायला शिकले. उभं राहणं तीन रविवारांत जमलं. फोनवरचा लाटांचा अंदाज वाचायला मात्र सहा महिने आणि हनुवटीला तीन टाके लागले. हे लिखाण त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

सुरुवात भाऊबीजेची. ३ नोव्हेंबरला भावाने ओवाळणीच्या ताटात पाकीट टाकलं. मला वाटलं साडीचे पैसे. आत सर्फिंगच्या पाच वर्गांची पावती, नऊ हजार रुपयांची. "लहानपणी वेंगुर्ल्याला तुला पाण्यातून ओढून बाहेर काढायला लागायचं," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. सासूबाईंनी पावती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हे परत करता येत नाही का?" येत नव्हतं. खालीच छापलं होतं.

फॉर्म दोन पानी होता. वैद्यकीय दाखला (१५० रुपये, डॉक्टरांनी बीपी बघता बघता "सर्फिंग म्हणजे ते कॉम्प्युटरवरचं ना?" असं विचारलं), पोहता येतं याचं लेखी हमीपत्र, आधारची प्रत, तातडीच्या संपर्कासाठी दोन नंबर. हे एका दिवसात झालं. अडलं ते माझ्याच कचेरीत. मालवण दुसऱ्या तालुक्यात. सुट्टीच्या दिवशी मुख्यालय सोडायचं तर सरकारी माणसाने परवानगी घ्यायची असते. बहुतेक जण हे सोयीस्कर विसरतात, पण इतरांचे तसले अर्ज माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे मला ती सोय नव्हती. अर्जात 'कारण' या जागी 'खाजगी कामानिमित्त' लिहिलं. अकरा दिवसांनी 'परवानगी. दूरध्वनी चालू ठेवावा' असा शेरा होऊन अर्ज परत आला. पाण्यात फोन कुठे ठेवायचा हा प्रश्न मी उपस्थित केला नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार. पहाटे पाचला स्कूटी काढली, चौक्यावरून मालवण, तिथून पुढे. पहिला वर्ग वाळूवरच. पोटावर झोपायचं, हात मारायचे, एका झटक्यात उठायचं. नंतर कमरेभर पाण्यात, फुटून आलेल्या फेसाच्या लाटेवर. नऊ फुटी मऊ फोमची फळी वर्गाच्या शुल्कातच होती. पुढे सरावासाठी ती तासाला ४०० रुपये भाड्याने मिळायची. अंगात घालायचा घट्ट लायक्राचा सदरा मी ११०० रुपयांना घेतला. तो घ्याच, नाहीतर मेणाने आणि फोमने पोट सोलवटतं आणि सोमवारी खुर्चीत वाकताना आठवण येते.

शिकवणारे दादा दर शनिवारी रात्री आमच्या ग्रुपवर अंदाजाचा फोटो टाकायचे. त्यात आकड्यांच्या ओळी: उंची मीटरमध्ये, मग सेकंद, मग एक बाण, मग वारा, आणि खाली 'एनर्जी' म्हणून एक मोठा आकडा. मी वाचायचे फक्त पहिला. लाट म्हणजे उंची, आणखी काय असणार? आमच्या धंद्याच्या सवयीने मी एक नोंदवहीही घातली. रकाने आखले: दिनांक, तिथी, अंदाजित उंची, प्रत्यक्ष, शेरा. सेकंदांचा रकाना आखला नाही. जागा उरली नव्हती म्हणून नव्हे, त्याची गरज आहे असं वाटलंच नाही.

तिथीचा रकाना आला तो आबांमुळे. आबा रापणकर. त्याच पुळणीवर त्यांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढली जाते. डिसेंबरात एकदा सरावानंतर मी दोर ओढायला हात लावला, बदल्यात मूठभर तारली मिळाली आणि एक हिशोब मिळाला. भरती कधी लागते ते बघायला मी फोन काढला, तर आबा म्हणाले, तिथीची पाऊणपट कर. म्हणजे षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार, साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. त्यापासून सहा तास मागे-पुढे पूर्ण ओहोटी. पुढे मी हे छापील वेळापत्रकाशी कितीदा ताडून पाहिलं. फारसं चुकलं नाही. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार हलत नाही. शिकाऊ माणसाने भांगाचे दिवस धरावेत, असं मी आता सांगते. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी उंचीचा आकडा बघत असेन.

जानेवारीत वहीत एक नोंद झाली ती इथे जशीच्या तशी देते: '१९/१/२५. अंदाज १.१ मी. प्रत्यक्ष: वेड्यावाकड्या. शेरा: १.१ मीटर सोपे.' त्या आधी मी कधी ०.७ च्या वर गेले नव्हते, त्यामुळे रात्रभर पोटात गोळा होता. गेले तर वायव्येचा वारा, पाणी सगळीकडून उसळतंय, लाटा एकावर एक. फळी हलत होती खूप, पण कुठल्याच लाटेत जोर नव्हता. पडले तरी लगेच उभी राहत होते. घरी येताना चौक्याला वडा-उसळ खाल्ली आणि मनात ठरवून टाकलं की एक मीटरपर्यंत आपल्याला भीती नाही.

त्या शेऱ्याने घात केला.

३० मार्च, गुढीपाडवा, रविवार. मार्चअखेरची बिलं, रात्री नऊ-नऊपर्यंत कचेरी, पंधरा दिवस पाण्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पहाटे गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, आणि सासूबाईंना "दहापर्यंत येते" सांगून निघाले. सणामुळे दादा नव्हते. ग्रुपमधली दोन मुलं होती. अंदाज होता ०.९ मीटर. वारा जवळजवळ शून्य.

पोचले तेव्हा पावणेआठ. समुद्र तेलासारखा. अमावास्या आदल्या दिवशी झालेली, म्हणजे उधाण. सकाळी सहाच्या सुमाराला पाणी पार तळाला जाऊन आता कुठे भरती लागलेली. एरवी खोल पाण्याखाली असणारा वाळूचा दांडा दिसत नव्हता, पण त्याच्यावर आता थोडंच पाणी उरलं होतं. मी पाच मिनिटं उभी राहून पाहिलं. एक लाट नाही. ०.९ कुठे गेले, ॲप चुकलं, असं म्हणत आम्ही हात मारत आत गेलो. आबा होडीला टेकून बसले होते. हात वर करून त्यांनी काहीतरी म्हटलं. मी हात हलवून दाखवला. मला वाटलं पाडव्याच्या शुभेच्छा.

आत गेल्यावर आणखी पाच-सात मिनिटं शांत. मग क्षितिजाजवळ पाण्यावर एक काळी रेघ उमटली, तिच्यामागे दुसरी. पहिली आमच्याखालून गेली, उचलून अलगद खाली ठेवलं. दुसरी दांड्यावर आली आणि तिथे जी उभी राहिली ती माझ्या डोक्याच्या वर. मी वळून हात मारायला लागले, म्हणजे सगळ्यात चुकीची गोष्ट केली. तिने मला फळीसकट उचललं आणि दोन-अडीच फूट पाण्यात आपटलं. वाळू तोंडात, कान बंद, वर कुठे खाली कुठे कळेना. वर आले, श्वास घेतला आणि तिसरी आली. त्या वेळी फळी पायाला बांधलेल्या दोरीने परत खेचली गेली ती थेट हनुवटीवर. रक्त पाहून मुलं घाबरली, मी त्यांच्याकडे पाहून घाबरले.

तीन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या: १४५० रुपये. प्रतिपूर्ती मिळेल का, हे मी विचारलंच नाही. फॉर्ममध्ये 'आजाराचे स्वरूप' या ओळीपुढे काय लिहायचं? सासूबाई दारात उभ्या होत्या. गुढी अजून उतरायची होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या, आणि पातळ खिमट करून आणलं, कारण श्रीखंडपुरीसाठी तोंड उघडत नव्हतं. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी पट्टी लावून आबांकडे गेले. त्यांनी त्या दिवशी रापण घातलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. का, विचारलं. "आज दर्याचो दम लांब आसा, असा मी तुका वरडान सांगत होतंय," ते म्हणाले. "वारो नाय तरी पाणी जड. खंयतरी लांब वादळ झाला आसतला." आधी का नाही सांगितलं? "तू माका इचारलंस खंय? लाट काय बघतस? दोन लाटांमधलो येळ बघ."

दोन लाटांमधला वेळ. फोन काढून त्या सकाळचा जुना फोटो पुन्हा उघडला. ०.९ मीटर. शेजारी, मी चार महिने न वाचलेल्या जागी: १५ सेकंद. मग १९ जानेवारीचा उघडला. १.१ मीटर, ५ सेकंद.

टाके असल्याने दोन आठवडे पाणी बंद, त्यामुळे अभ्यासाला भरपूर वेळ. रत्नागिरीला इंजिनिअरिंगला असलेला भाचा फोनवर शिकवायला तयार झाला, दर तासाला एक हापूस या दराने. त्याने जे सांगितलं ते मला समजलं त्या भाषेत लिहिते.

लाट म्हणजे पाणी पुढे येणं नव्हे. खोल समुद्रात पाणी जवळपास जागच्या जागी गोल फिरतं. पुढे सरकते ती ऊर्जा. ती किती, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक उंची, आणि तीही वर्गात: उंची दुप्पट झाली तर ऊर्जा चौपट. दुसरं म्हणजे दोन शिखरांमधला वेळ, तोच सेकंदांचा आकडा. खोल पाण्यात एक मीटर रुंदीच्या पट्ट्यातून किती ताकद वाहते याचा कचेरीतल्या माणसालाही जमेल असा हिशोब आहे: उंचीचा वर्ग करा, सेकंदांनी गुणा, दोनने भागा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. अगदी काटेकोर नाही, पण आपल्या कामाला पुरेसं.

जानेवारी: १.१ चा वर्ग १.२१, गुणिले ५, भागिले २. तीन किलोवॅट. पाडवा: ०.९ चा वर्ग ०.८१, गुणिले १५, भागिले २. सहा किलोवॅट. उंची कमी आणि ताकद दुप्पट. आमच्या बागेतला पंप ५ एचपीचा, म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आत. जानेवारीत दर मीटरला एक पंपसुद्धा पुरता नव्हता. पाडव्याला दीडाच्या वर होते, आणि माझी फळी नऊ फुटांची, म्हणजे जवळपास तीन मीटर. ती मी आडवी धरली होती.

पण मला खरं पटलं ते पुढच्या हिशोबाने. खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे सेकंदांचा वर्ग गुणिले साधारण दीड मीटर. पाच सेकंदांची लाट चाळीसेक मीटर लांब. पंधरा सेकंदांची साडेतीनशे मीटर! आणि लाटेला तळ कळायला लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. छोटीला वीस मीटर पाण्यात, अगदी किनाऱ्याशी आल्यावर. मोठीला पावणेदोनशे मीटर पाण्यात. म्हणजे ती कितीतरी बाहेरूनच तळ चाचपत, मंद होत, मागची ऊर्जा पुढे गोळा करत येते आणि उथळात आली की फुगून उभी राहते. पुळणीवर फुटताना ती ०.९ ची राहत नाही. त्यात अंदाजातली उंची ही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते; तासाभरात एखादी तिच्या दुप्पट जवळही जाते. माझ्या डोक्याच्या वर काय आलं होतं ते आता कळलं. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते, आणि उधाणाच्या ओहोटीत ती खोली नेमकी दांड्यावर होती. मीही तिथेच.

वारा नव्हता तरी हे आलं कुठून? दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस-पन्नास अक्षांशांत, वादळं सतत चालू असतात. तिथल्या लाटा सहा-सात हजार किलोमीटर चालत आपल्याकडे येतात. पंधरा सेकंदांच्या लाटांचा जथा तासाला सुमारे ४२ किलोमीटरने सरकतो, म्हणजे आठवडाभराचा प्रवास. लांब सेकंदांच्या लाटा जास्त पळतात म्हणून त्या आधी पोचतात, आणि मोठमोठ्या अंतराने गटागटाने येतात. आपली पाच-दहा मिनिटांची शांतता ही त्या दोन गटांमधली असते. केरळात निरभ्र आकाशाखाली असं पाणी चढून आलं की त्याला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरपावलांनी येणारा समुद्र. आबांच्या शब्दात दम. मला आबांचा शब्द जास्त जवळचा वाटतो, कारण तो मोजता येतो: एक लाट फुटली की एकपासून म्हणायला लागायचं, पुढची फुटेपर्यंत. दहा लाटा मोजून सरासरी काढायची. आता मी पाण्यात पाय टाकायच्या आधी वीस मिनिटं वाळूवर बसून हेच करते.

(भाच्याने जाता जाता सांगितलं की केरळात विझिंजमला १९९१ मध्ये आयआयटी मद्रासच्या लोकांनी लाटांवर वीज करणारं १५० किलोवॅटचं प्रायोगिक केंद्र उभारलं होतं. मी विचारलं, मग आपल्याकडे का नाही? तो म्हणाला, मावशी, हापूस संपला.)

वहीत सेकंदांचा रकाना आखला. पट्टीने, लाल शाईने, मागच्या सगळ्या पानांवरसुद्धा, आणि जुने फोटो शोधून भरला. मग आणखी एक केला: किलोवॅट. ॲपवरचा 'एनर्जी'चा आकडा तसाच का उतरवला नाही, तर दोन ॲपवर एकाच सकाळचे दोन आकडे होते, एकाचा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. किलोज्यूलमध्ये मांडताना कुणी आख्ख्या एका लाटेची ऊर्जा धरतं, त्यात सेकंदांचाही वर्ग होतो. किलोवॅट म्हणजे दर सेकंदाला वाहणारी, त्यात सेकंद एकदाच येतात. चूक कुणाचीच नाही, पण दोन ॲपचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. एकच ॲप धरावं, आणि आपल्या पुळणीवर त्याचा कुठला आकडा म्हणजे काय हे आपणच लिहीत जावं.

आता मला सगळं समजलं असं वाटून मी दुसरी चूक केली. ही कमी रक्ताची. गुरुवार, १७ एप्रिल. दुपारचा अंदाज १.५ मीटर, आणि एनर्जीचा आकडा पाडव्यापेक्षाही वर. आत जायचं नव्हतं, पण एवढी ताकद कशी दिसते ते वाळूवरून पाहायचं होतं. अर्धा दिवस किरकोळ रजा टाकली. वर्षाला आठ मिळतात, त्यातली अर्धी. तीन वाजता उन्हातून पोचले, तर समोर चिवडा. पांढऱ्या टोप्या, आडवातिडवा फेस, खारा वारा तोंडावर वाळू मारतोय. सेकंद मोजायला गेले तर कुठली लाट कुठली तेच कळेना.

घरी येऊन ॲपमधली ती ओळ दाबून पाहिली, तर आत तिची फोड होती, आणि ती मी कधी उघडलीच नव्हती. दक्षिण-नैऋत्येकडून ०.७ मीटर, १३ सेकंद. आणि स्थानिक वाऱ्याच्या लाटा १.३ मीटर, ५ सेकंद. हिशोब केला: पहिल्याचे सव्वातीन किलोवॅट, दुसऱ्याचे सव्वाचार. बेरीज साडेसात, पण निम्म्याहून जास्त तो वाऱ्याचा गोंधळ. उंचीची मात्र सरळ बेरीज होत नाही; ०.७ आणि १.३ मिळून २ नव्हे. दोन्हींचे वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं, येतात दीड. तेच दीड मला वर दिसत होते.

त्याच दिवशी सकाळी सहाला दादांनी काढलेले फोटो रात्री ग्रुपवर आले. तेच ०.७, तेच १३ सेकंद, पण पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता आणि लाटांचे चेहरे काचेसारखे होते. एकूण एनर्जी निम्म्याहून कमी, आणि हंगामातली सगळ्यात देखणी सकाळ. मी तेव्हा कचेरीत रजेचा अर्ज लिहीत होते.

बाणाबद्दलही इथेच सांगते. ॲपवर २२० अंश लिहिलं असेल तर लाट नैऋत्येकडून येते आहे, तिकडे जात नाहीये. वाऱ्याचंही तसंच. मी बरेच दिवस उलटं धरलं होतं. आमच्या पुळणीच्या उत्तरेला डोंगराचं नाक समुद्रात घुसलं आहे, त्यामुळे हिवाळ्यात वायव्येकडून येणाऱ्या लाटा त्याच्यावर अडतात आणि कागदावरची अर्धी ताकद आमच्यापर्यंत पोचतच नाही. दोन किलोमीटर पुढच्या वाडीत त्याच दिवशी वेगळं चित्र असतं. ॲपला हे माहीत नसतं. त्याचा ठिपका बाहेर खोल पाण्यात असतो.

सरकारी सोय म्हणाल तर हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, लाटांचा अंदाज फुकट देतं, उंच लाटांचे आणि अशा लांबून येणाऱ्या लाटांचे इशारे देतं. रत्नागिरीसमोर समुद्रात लाटा मोजणारा तरंगता बोयाही आहे. अंदाज म्हणजे गणित आणि बोया म्हणजे प्रत्यक्ष मोजणी, हा फरक लक्षात आल्यापासून मी शनिवारी रात्री दोन्ही बघते. जुळत नसले तर उशिरा निघते.

१ मे. ध्वजवंदन करून नऊपर्यंत पोचले. चतुर्थी, चारचे पाऊणपट तीन, म्हणजे नऊला पूर्ण ओहोटी. १६ सेकंद मोजले. लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम कोसळत होती, धडाम्. ॲपनुसार पाच किलोवॅट. आत गेले नाही. सोलकढी प्यायले आणि परत आले. फळीचं भाडं वाचलं.

१८ मे, रविवार. ०.८ मीटर, १४ सेकंद, म्हणजे साडेचार किलोवॅट. वैशाख वद्यातली पंचमी-षष्ठी, उधाण ओसरलेलं, पूर्ण भरती पहाटे चारच्या आसपास. साडेसहाला पाणी मधल्या टप्प्यात, दांड्यावर माझ्या छातीएवढं. मतलई वारा अजून पडला नव्हता. वाळूवर बसून दहा लाटा मोजल्या; सरासरी साडेतेरा. दोन गटांमधलं अंतर नऊ मिनिटं. पहिला गट जाऊ दिला, त्याच्या मागोमाग शांततेत हात मारत आत गेले, दादांच्या शेजारी बसून राहिले. पुढच्या गटातली पहिली सोडली. दुसरीही. तिसरीला दादा म्हणाले, "ही घे, मार हात." मागून फळी उचलली गेली ती कुणीतरी ढकलल्यासारखी नव्हे, उतारावर स्कूटीचा ब्रेक सोडल्यावर जाते तशी. उभी राहिले. न फुटलेल्या लाटेच्या अंगावरून मी किती सेकंद गेले ते मोजलं नाही. त्या वहीत एवढाच एक आकडा लिहायचा राहिला.

आणखी एक रविवार मिळेल असा हिशोब होता, कारण मेच्या अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा तशाही बंद असतात. तो मिळाला नाही. त्या आठवड्यात कोकण किनाऱ्यासमोरच कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि २५ मे रोजी मॉन्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. आंबा उतरवायचा राहिलेल्यांची तारांबळ उडाली. आबांच्या होड्या दोन दिवसांत वर ओढून झापांनी शाकारल्या गेल्या.

एकूण खर्च: वर्ग ९००० (भावाचे), सदरा ११००, फळीचं भाडं सगळं मिळून ६४००, टाके १४५०, दाखला १५०, आणि पेट्रोल, जे मी मुद्दाम मांडलेलं नाही. स्वतःची जुनी फळी १८ हजारांना मिळत होती. त्या वर्षी घेतली नाही.

जूनच्या दुसऱ्या रविवारी नुसतं बघायला म्हणून गेले. छत्री उलटी होत होती. ॲप म्हणत होतं २.९ मीटर, १० सेकंद. वर्ग, गुणिले, भागिले: बेचाळीस किलोवॅट, मीटरला अकरा पंप. पुळण होती तिथे पाणीच होतं, दांडा कुठे होता तेही सांगता येईना. आबा झापाखाली विडी ओढत बसले होते. मी वही काढली, दिनांक, तिथी, उंची, सेकंद, किलोवॅट असे रकाने भरले आणि 'प्रत्यक्ष' काय लिहावं म्हणून समोर बघत राहिले. शेवटी त्या रकान्यात आबा जे म्हणाले तेच उतरवलं: "बघीत रवू नको, घराक जा."